‘लागू नाही’ लिहून मोकळा झालो होतो

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे. ऊसनोंदी, तोडणी प्रोग्रॅम, ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांचे करार हे माझं काम. आमची साखर घेणाऱ्या एका शीतपेय कंपनीकडून मागच्या हंगामात एक प्रश्नावली आली. मथळा होता ‘मॉडर्न स्लेव्हरी’. गुलामगिरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे साखळदंड आले. आमच्याकडे कुठले साखळदंड? सगळ्या रकान्यांत ‘लागू नाही’ लिहिलं, शिक्का मारला, दिलं पाठवून.

चौथ्या दिवशी फोन. ऑडिटला एक मॅडम येणार, त्यांना टोळ्यांचे करार आणि मजुरांची यादी हवी.

झालं होतं असं, की कंपनीचा माल इंग्लंडातही खपतो. तिथल्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला दरवर्षी जाहीर करावं लागतं, की स्वतःच्या धंद्यात आणि माल पुरवणाऱ्यांकडे वेठबिगारी होऊ नये म्हणून आपण काय केलं. तो प्रश्न फिरत फिरत आमच्या गट ऑफिसात येऊन पोचला होता.

करार काढून दिले. यादी नव्हतीच. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा मजुराशी तोंडी. आमच्या कागदावर नुसतं ‘१२ कोयते’. कोयता म्हणजे नवरा-बायको, बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं, हे आम्हाला पाठ. पण मुकादम सोडून एकाचंही नाव सांगता येईना. “आणि बायकांची नावं?” मॅडमनी विचारलं. आमचे साहेब म्हणाले, “त्या कोयत्यात आल्याच की.” त्या करारांवर खाली सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी फडावर गेलो. टोळी बीडकडची. मुकादमानं वही दाखवायला बरीच खळखळ केली. लांबट वही, वर दोन रबरं. मॅडमनी मधलंच एका कोयत्याचं पान उघडलं. मागची बाकी ३१,०००, नवी उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, ८९,०००, एकूण १,२०,०००. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘खाडा ५००’, ‘खाडा ५००’, आणि तिसऱ्यापुढं ‘पोरगी दवाखाना’. म्हणजे लेकीला ताप आला म्हणून काम बुडालं, त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर दंड उचलीत वाढला.

मी सवयीनं वजनाच्या स्लिपेच्या पाठीमागं हिशेब मांडला. टनाला ३६६ रुपये. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर ७३२. हंगाम शंभर दिवस चालला तर ७३,२००. म्हणजे एक खाडा नाही, किराण्याला एक पैसा उचलला नाही, तरी पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना, ४६,८०० अंगावरच. ती बाकी पुढच्या वर्षी फिरणार, आणि बाकी फिरली की माणूसही त्याच मुकादमाकडं फिरणार. इतकी वर्षं मी टनाचे हिशेब केले, पण या बाजूनं कधी केला नव्हता.

“या दोघांना उद्या गावी जायचं म्हटलं तर?” मॅडमनी विचारलं.

“जावं की,” मुकादम म्हणाला. “पैसं ठिवावं आन् जावं.”

परत येताना गाडीत मॅडमनी १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा समजावून सांगितला. उचल घेतली म्हणून काम सोडायची, दुसरीकडं जायची मोकळीक गेली, की ती वेठबिगारी. त्याला साखळदंड लागत नाहीत. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणं म्हणजेही सक्तीची मजुरी, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्येच म्हटलंय. माझ्या नोकरीच्या आधीच्या या गोष्टी!

एक मात्र सांगतो, मुकादम आणि वाहतूकदार म्हणजे सगळे राक्षस नाहीत. उचल घेऊन टोळीच आली नाही म्हणून ट्रॅक्टर विकायला काढलेले वाहतूकदार मी पाहिलेत. पैसे बुडायची भीती वरून खाली सरकत जाते आणि शेवटी मजुराच्या झोपडीत, कोपीत जाऊन बसते, कारण त्याच्या खाली कुणीच नसतं.

पुढचे पाच आठवडे संध्याकाळी कोप्यांवर फिरण्यात गेले. दिवसा कुणी भेटत नाही. आधार बघून नावं लिहायची, वय लिहायचं. ‘अठरा’ सांगणाऱ्या दोन मुली सोळाच्या निघाल्या. त्यांना तोडीतून काढा म्हटल्यावर त्यांचे आईबापच माझ्यावर चिडले. प्रत्येकाला कार्ड द्यायचं ठरलं: उचल किती, टन किती, फिटले किती. चिटबॉयनं, म्हणजे फडावर उसाच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या आमच्या माणसानं, रोजचा आकडा त्यावर चढवायचा. बायकांची बँक खाती काढायची. संचालकांपुढं मी उचल दोन हप्त्यांत द्यायचं मांडलं, निम्मी गावात आणि निम्मी हंगामात, म्हणजे डोक्यावरचा बोजाही कमी आणि बुडायची भीतीही कमी. ते पुढच्या वर्षापासून करू म्हणालेत. खाडा घ्यायचा नाही असं कलम करारात घातलं. दोन आठवड्यांनी वही बघितली तर खाडे गायब, आणि ‘किराणा ५००’ वाढलेले. त्या दुकानाचा किराणा मी विचारला, तर दुकानच नव्हतं.

मग प्रश्नावली पुन्हा भरली. या वेळी उचलीच्या रकान्यात ‘होय, धोका आहे’ लिहिलं आणि खाली हे सगळं. एमडी म्हणाले, असं लिहिलं तर साखर घेतील का? घेतली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, या अटीवर.

पट्टा पडला त्या दिवशी कार्डांचा हिशेब करायला बसलो होतो. ‘पोरगी दवाखाना’वाली बाई पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नाव कुठं लिहिलंय ते मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्यावर स्वतःचं बोट फिरवलं, मग खालच्या आकड्यावर नेलं.

“दादा, ह्ये बाकी हाय का?”

“हो ताई.”

“मंग ती बी आता माझ्या नावावर झाली का?”

नवऱ्यानं तिला गप्प बस म्हटलं. वकिलाला विचारून सांगतो, असं मी म्हणालो. दुपारी त्यांचा ट्रॅक्टर गेला.