न्यूयॉर्क, शिकागो की ह्यूस्टन?
अमेरिकेत नोकरीसाठी यातलं कुठलं शहर निवडावं, आज दिवसभर याचाच काथ्याकूट चालला होता. नुसता पगाराचा आकडा बघून ठरवू नका. न्यूयॉर्कला राज्याच्या आयकरावर शहराचा वेगळा कर, साधारण 3 ते 3.9 टक्के. बरेच घरमालक वार्षिक उत्पन्न भाड्याच्या 40 पट मागतात. म्हणजे महिना 3,000 डॉलरच्या घराला 1,20,000 डॉलर. तेवढं नसेल तर गॅरंटर, म्हणजे जामीनदार, शोधा. गाडी मात्र लागत नाही, सबवे म्हणजे तिथली मेट्रो रात्रभर चालते.

ह्यूस्टनला राज्याचा आयकर नाही म्हणून सगळे हुरळतात. पण घर घेतलंत की मालमत्ता कर दरवर्षी किमतीच्या 2 टक्क्यांच्या आसपास, आणि दोघं नोकरीला असाल तर बहुतेकदा दोन गाड्या. पुराचं नुकसान नेहमीच्या घरविम्यात येत नाही. पूरविमा वेगळा, आणि सरकारी योजनेतला सहसा 30 दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. 2017 च्या हार्वे वादळात पूररेषेबाहेरची घरंही बुडाली. घर बघताना हे विचारावं लागतं, कुणी आपणहून सांगत नाही!

थंडी सोसत असेल तर माझं मत शिकागोला. भाडं न्यूयॉर्कपेक्षा बरंच कमी, तिथल्या मेट्रोच्या रेड आणि ब्लू लाइन चोवीस तास. भाड्यात हीटिंग धरलंय का, तेवढं लेखी घ्या.