कंपोस्टमधला फॉस्फरस: निळी एलईडी काढली, ८८० नॅनोमीटरची बसवली

कंपोस्टच्या अर्कात रसायन घालून येणारा रंग मी एलईडीच्या प्रकाशात मोजतो आणि त्यावरून फॉस्फरस काढतो. मागच्या महिन्यात हे आकडे भलतेच चढे येत होते, त्याचं कारण सापडलं. व्हॅनेडो-मॉलिब्डेट पद्धतीत फॉस्फेटमुळे येणारा पिवळा रंग ४२० नॅनोमीटरच्या आसपास (निळ्या-जांभळ्या प्रकाशात) मोजतात, आणि ओल्या कचऱ्याच्या खताचा अर्क मुळातच कोऱ्या चहासारखा. रसायन न घालता नुसता अर्क क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) ठेवला, तरी शोषण, म्हणजे प्रकाश किती अडला त्याचं माप, ०.३१! इतके दिवस ह्युमिक आम्लांचा (कुजण्यातून तयार होणाऱ्या तपकिरी द्रव्यांचा) रंगच फॉस्फेट म्हणून माझ्या वहीत चढत होता.

म्हणून आता मर्फी आणि रायली यांची १९६२ची मॉलिब्डेनम ब्लू पद्धत. तिचा निळा रंग ८८० नॅनोमीटरला भरपूर प्रकाश शोषतो आणि तिथे तपकिरी रंगाची लुडबुड फारच कमी. ८८०ची एलईडी, समोर प्रकाश टिपणारा बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, मध्ये १ सेंमीची क्युवेट. एलईडी दहा मिनिटं तापू दिली की रीडिंग स्थिरावतं.

अर्क ऑल्सेन पद्धतीने (मातीतला उपलब्ध फॉस्फरस काढायची पद्धत) काढला: २.५ ग्रॅम खत, ५० मिली सोडियम बायकार्बोनेट (०.५ मोलर, पीएच ८.५), अर्धा तास हलवणं, मग गाळणं. खरी अडचण पुढे आली. आम्ल घातल्याबरोबर अर्क फसफसतो आणि ह्युमिक आम्लं साक्याच्या रूपात बाहेर पडतात. क्युवेटच्या भिंतीला चिकटलेला एक बुडबुडासुद्धा रीडिंग बिघडवतो. आता आम्ल थेंबाथेंबाने घालतो, फेस पूर्ण बसू देतो, पुन्हा गाळतो आणि मगच निळा रंग आणणारं मॉलिब्डेट. शिवाय प्रत्येक नमुन्याचा मॉलिब्डेट न घातलेला जोडीदार ठेवून त्याचं शोषण वजा करतो. ही वजाबाकी कृपया कुणीही टाळू नका.

मानक (फॉस्फरसचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या) द्रावणांची रेषा छान सरळ आली, ०.४ मिग्रॅ/लिटरला शोषण ०.२४. पन्नासपट पातळ केलेला माझा अर्क ०.३६ मिग्रॅ/लिटर निघाला. म्हणजे मूळ अर्कात १८, खतात किलोला ३६० मिग्रॅ. खतात ४० टक्के ओल होती, त्यामुळे कोरड्या वजनावर ६००. ओल न सांगता दिलेल्या आकड्यांची तुलना करणं मला पटत नाही. आणि हा उपलब्ध, म्हणजे झाडांना सहज घेता येणारा फॉस्फरस आहे. पिशवीवर छापलेल्या एकूण पी२ओ५च्या टक्क्यांशी तो ताडून पाहू नये.

या पद्धतीत सल्फ्युरिक आम्ल आहे, अँटिमनीचा क्षारही आहे आणि तो विषारी आहे. हातमोजे, चष्मा हवेतच, आणि वापरलेलं द्रावण मोरीत न ओतता वेगळ्या बाटलीत साठवतो आहे.

पुढच्या रविवारी त्याच ढिगातले तीन वेगवेगळे नमुने. वरच्या थरात आणि तळात किती फरक पडतो, ते बघायचं आहे.