काजिमाच्या साइटचं गेट ओलांडताना

काजिमा ही जपानची मोठी बांधकाम कंपनी. तिच्या टोकियोतल्या साइटवर मी काम करतो म्हटलं की गावाकडे सगळ्यांना वाटतं, पोरगा काजिमात लागला. तसं नाही. माझी कंपनी वेगळी आणि लहान. सळईकामाची शॉप ड्रॉइंग (प्रत्यक्ष कामासाठीचे तपशीलवार नकाशे) आणि बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती लांब कापायची, कशी वाकवायची याचा तक्ता) करणं हे माझं काम. व्हिसा इंजिनिअरचा, त्यामुळे स्वतः सळई बांधायला बसायचं नाही; पण बांधलेली तपासायला साइटवर जावंच लागतं. आणि गेटवर इंजिनिअर काय, फिटर काय, कागद सगळ्यांना तेच.

त्यातली माहिती आधी कामगारांच्या यादीत भरून वर, काजिमाकडे, पाठवायची. आरोग्य तपासणीची तारीख, रक्तदाब, रक्तगट, विम्याचे तपशील, रेसिडेन्स कार्डाची (परदेशी माणसाच्या जपानातल्या ओळखपत्राची) प्रत, घरच्यांचा संपर्क. उंचीवर फुल हार्नेस, म्हणजे अंगभर बांधायचा सुरक्षा पट्टा, लावायचा तर त्याचं वेगळं प्रशिक्षण: साडेचार तास वर्गात, दीड तास प्रत्यक्ष. शिवाय बांधकाम कामगारांच्या देशव्यापी नोंदणीचं कार्ड. हे २०१९ पासून पूर्णपणे सुरू झालं. त्याच्या चार पायऱ्या: पांढरं, निळं, चंदेरी, सोनेरी. नव्याला पांढरं. पुण्यात साइट इंजिनिअर म्हणून काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत, हे मला जरा लागलंच.

यादी मंजूर होईपर्यंत हातात वेळ होता, म्हणून काजिमाबद्दल मिळेल ते वाचत बसलो. १८४० मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एका सुताराने सुरू केलेला हा धंदा. बंदरं उघडल्यावर योकोहामात परदेशी व्यापाऱ्यांची इमारत बांधली, १८८० पासून रेल्वेची कामं धरली. पुढे घरजावयांनी कारभार पाहिला. त्यातला मोरिनोसुके काजिमा तर मूळचा परराष्ट्र खात्यातला अधिकारी. तो १९३८ मध्ये अध्यक्ष झाला. धंदा पोटच्या मुलालाच द्यायचा हा आपल्याकडचा हट्ट तिथे दिसत नाही.

मला सगळ्यात खिळवून ठेवलं ते तान्ना या रेल्वे बोगद्याने. लांबी पावणेआठ किलोमीटरच्या वर, काम १९१८ ते १९३४. पश्चिमेकडची बाजू काजिमाकडे होती, पूर्वेकडची दुसऱ्या कंपनीकडे. डोंगरातून पाण्याचे लोंढे आले, दरडी कोसळल्या, ६७ माणसं गेली. वरच्या खोऱ्यातलं पाणी इतकं आटलं की तिथली वासाबीची (वाहत्या पाण्यावर वाढणाऱ्या तिखट कंदाची) शेती संपली. हे वाचल्यावर आमच्या यादीतल्या रक्तगटाच्या रकान्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

साइटवरचा पहिला दिवस प्रशिक्षणाचा. रक्तदाब पुन्हा मोजला, हेल्मेटवर नाव आणि रक्तगटाचा स्टिकर लागला. क्रेनखालून कुठून जायचं नाही, आग लागली तर कुठे जमायचं, सगळं समजावून सही घेतली. माझं जपानी तेव्हा जेमतेम. आमच्या मुकादमाने शेजारी बसून बोटाने दाखवत नेलं म्हणून निभावलं.

भिंतीवर एक मोठा तक्ता होता. कुणाखाली कोण काम करतं ते दाखवणारा हा तक्ता मोठ्या कामांवर कामगारांना दिसेल असा लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. वर काजिमा आणि जबाबदार अभियंत्याचं नाव. खाली सळई, सेंटरिंग, काँक्रीट, वीज अशा पहिल्या फळीच्या कंपन्या. त्यांच्याखाली दुसरी फळी, तिथे एका चौकटीत आम्ही. सळई बांधणारा एकही हात काजिमाच्या पगारावर नव्हता. आपल्याकडे पेटी कंत्राटदार असतातच. फरक एवढाच की इथे ते भिंतीवर नावानिशी टांगलेले असतात.

त्या तक्त्यापुढे कंपनीचे आकडे मला कळायला लागले. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात समूहाची उलाढाल २.६६ लाख कोटी येनच्या आसपास, आणि मूळ कंपनीत माणसं मात्र आठ हजारांच्या घरात. हिशेब पाच भागांत मांडतात: स्थापत्य, इमारती, स्थावर मालमत्ता, देशातल्या उपकंपन्या आणि परदेशातल्या उपकंपन्या. कंपनीकडे स्वतःचं असतं ते डिझाइन, संशोधन, नियोजन आणि जबाबदारी. १९६८ ची ३६ मजली कासुमिगासेकी इमारत, १४७ मीटरची, अशीच उभी राहिली. भूकंपात ताठ उभं न राहता डोलणाऱ्या सांगाड्याचा विचार मांडणारे कियोशी मुतो विद्यापीठातून निवृत्त होऊन काजिमातच आले होते. माझ्या मते कंपनी मोठी झाली ती हात वाढवून नाही, अशी डोकी जमवून. मात्र या रचनेत खालच्या फळीपर्यंत पैसा पोचता पोचता पातळ होतो, आणि ते माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दिसतं.

दुसऱ्या सकाळी आठला रेडिओच्या तालावर व्यायाम, मग आजच्या कामात धोका कुठे आहे ते प्रत्येक टोळीने कागदावर लिहायचं. मी लिहिलं, सळईची उघडी टोकं. मुकादम म्हणाला, बरोबर, पण त्या टोकांवर टोप्या कोण घालणार तेही लिही.

येणाऱ्यांनी हार्नेसचं प्रशिक्षण आणि कार्डाची नोंदणी कंपनीच्या मागे लागून आधीच उरकून घ्यावी. बाकी कागद लवकर होतात, या दोन्हींना वेळ लागतो.