पोत्यावर ‘मॉडिफाइड’ लिहिलं होतं

सकाळी नऊला जळगाव एमआयडीसीतल्या एका युनिटमधून आमच्या लॅबमध्ये पाच पाउच आले. घेऊन आलेल्या प्रॉडक्शनच्या मुलाने एक पाउच कापला, स्टीलच्या ताटलीत ओतला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, रस्सा पानी व्हई गया."

शेवभाजीचा तयार रस्सा होता. कांदा, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला, तेल. 250 ग्रॅमचा पाउच, रिटॉर्टमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, 121 अंश सेल्सिअसला प्रक्रिया केलेला. घरी गरम करायचा आणि वरून शेव टाकायची. तर्री मस्त आली होती, आणि तर्रीबद्दल खान्देशात कोणी तक्रार करत नाही. पण तिच्याखालचा रस्सा ताटलीच्या काठापर्यंत पळाला आणि खोबऱ्याचा चोथा मध्ये एकटाच बसून राहिला.

अशा वेळी आधी मोजायचं, मग बोलायचं. बोस्टविक कन्सिस्टोमीटर म्हणजे स्टीलची एक पन्हळ. एका टोकाला पदार्थ भरायचा, फाटक उचललं की 30 सेकंदांत तो किती सेंटिमीटर वाहतो ते वाचायचं. 25 अंशांवर हा रस्सा 19 सेंटिमीटर गेला. याच बॅचचा, रिटॉर्टला घालायच्या आधी काढून ठेवलेला नमुना मुलाने सोबत आणला होता (हे त्याचं शहाणपण, नाहीतर निम्मा दिवस गेला असता). तो 7 सेंटिमीटरवर थांबला. म्हणजे केटलमध्ये (शिजवण्याच्या मोठ्या भांड्यात) रस्सा घट्ट होता आणि रिटॉर्टमधून पातळ होऊन बाहेर आला.

युनिटवाल्यांचा संशय मसाल्यावर होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. मिरी, धने, हळद यांच्यावर बॅसिलस जातीचे जिवाणू असतात आणि त्यांतले काही अमायलेज तयार करतात. हे एन्झाइम स्टार्चच्या साखळ्या कापतं. रस्सा शिजल्यावर वरून कच्चा मसाला टाकला आणि केटल 55-60 अंशांवर तासभर उभी राहिली, तर रस्सा पातळ होऊ शकतो. चव बघितलेला चमचा परत भांड्यात बुडवला तरी तेच होतं, कारण लाळेतही अमायलेज असतं. म्हणून रिटॉर्टआधीच्या नमुन्याचे दोन भाग केले. एक तसाच, दुसऱ्यात मसाल्याचा जादा डोस. दोन्ही 55 अंशांच्या वॉटर बाथमध्ये दोन तास. वाहणं 7 वरून साडेसातवर गेलं, दोन्हींत सारखंच. मसाला संशयातून सुटला.

उरला स्टार्च. विचारलं, "स्टार्च कोणता?" उत्तर आलं, "मॉडिफाइड." माझ्या मते हे उत्तरच नाही. कोणी विचारलं भाजी कोणती आणि आपण म्हणालो ‘शिजवलेली’, तसं आहे हे. सुदैवाने मागच्या वर्षीच्या लॉटचा राखीव नमुना आमच्या कपाटात होता आणि आत्ताच्या पोत्यातला डबाभर मुलाने आणला होता.

दोन्हींची 5 टक्क्यांची कांजी केली. स्टार्च आधी थंड पाण्यात कालवायचा आणि मग तापवायचा. कोरडा स्टार्च गरम पाण्यात पडला की गोळीचं बाहेरचं कवच शिजतं, आत पीठ कोरडं राहतं आणि ती गुठळी पुढे कितीही घोटलं तरी फुटत नाही. 95 अंशांवर 15 मिनिटं शिजवून एकेक थेंब काचपट्टीवर घेतला, पाण्याने पातळ केला आणि पातळ आयोडिनचा एक थेंब सोडला.

जुना नमुना तांबूस-जांभळा झाला. नवा गर्द निळा.

पहिला धक्का इथेच. साध्या मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण पाव भाग अमायलोज असतो, सरळ साखळीचा. आयोडिन त्या साखळीच्या वेटोळ्यात शिरतं आणि निळा रंग येतो. वॅक्सी मक्यात जवळजवळ सगळा फांद्याफांद्यांचा अमायलोपेक्टिन, म्हणून रंग तांबडा. मूळ मकाच बदलला होता. भिंगाखाली मात्र दोन्हींचे दाणे सारखेच टपोरे आणि अखंड दिसत होते. केटलमध्ये कोणालाच काही का जाणवलं नाही, ते यावरून कळलं.

मग दोन्ही कांज्या बाटल्यांत भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या प्रेशर कुकरमध्ये, 121 अंशांना 30 मिनिटं ठेवल्या. निवल्यावर चमचा उचलला तर जुनी कांजी चमच्यावरून थापेसारखी पडली, साईच्या दह्यासारखी तुटून. नवीची तार सुटली, गुळाच्या कच्च्या पाकासारखी. भिंगाखाली जुन्याचे दाणे फुगलेले पण शाबूत होते. नव्यात फाटलेल्या फुग्यांची कातडी तरंगत होती आणि मागचं सगळं क्षेत्र निळंभोर. दाण्यातलं सगळं बाहेर सांडलेलं.

आता पोत्यासोबतचा चाचणी दाखला मागवला. ओलावा, राख, सामू, सल्फर डायऑक्साइड, सगळं मर्यादेत. आणि वरच्या कोपऱ्यात, कोणी न वाचलेला आकडा: आयएनएस 1420. आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. जुन्या दाखल्यावर 1442. पुरवठादाराने काही लपवलं नव्हतं. खरेदी विभागाने ‘मॉडिफाइड मेझ स्टार्च, फूड ग्रेड’ असे दर मागवले, सगळ्यात कमी दर आला तो घेतला. दोन्ही मॉडिफाइड, दोन्ही फूड ग्रेड.

1420 म्हणजे स्टार्च अ‍ॅसिटेट, 1442 म्हणजे हायड्रॉक्सिप्रोपिल डायस्टार्च फॉस्फेट. यातला फरक समजायला घरची कुरडई पुरते. गव्हाचा चीक शिजवताना तो पांढऱ्याचा काचेसारखा होतो. दाण्यांनी पाणी पिऊन फुगण्याची ती वेळ. चीक जास्त घाटला की तो चिकट, तारेचा होतो, कारण दाणे फाटतात. आणि उरलेला चीक रात्रभर राहिला की सकाळी घट्ट बसतो, चिरतो, कडेला पाणी सोडतो, कारण मोकळ्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात. स्टार्चचे हे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दोघांची औषधं वेगळी. अ‍ॅसिटिल किंवा हायड्रॉक्सिप्रोपिल गट म्हणजे साखळ्यांच्या मध्ये ठोकलेल्या पाचरी. त्या साखळ्यांना पुन्हा जवळ येऊ देत नाहीत, म्हणून फ्रीजमध्ये पाणी सुटत नाही. फॉस्फेटचा किंवा अ‍ॅडिपेटचा क्रॉसलिंक म्हणजे टाका. हजार-दोन हजार ग्लुकोज घटकांमागे एखादाच टाका असतो, पण तेवढ्याने दाणा उष्णता, आंबटपणा आणि पंपाची घुसळण सोसतो. 1420 ला पाचरी आहेत, टाके नाहीत. शिवाय पाचरींमुळे दाणा कमी तापमानाला आणि लवकर फुगतो, म्हणजे रिटॉर्टमध्ये फाटायला आणखी तयार. 1442 ला दोन्ही आहेत. 1412 ला फक्त टाके. 1422 ला दोन्ही, पण पाचर अ‍ॅसिटिलची.

दोंडाईच्यासारख्या ठिकाणी स्टार्चचा कारखाना आहे, मका आपल्याच शेतात होतो, तरी हे आकडे खरेदीच्या टेबलावर पोचत नाहीत, याची मला चीड येते.

इथपर्यंत प्रश्न दाटपणाचा होता. पण माझं लक्ष त्या 7 सेंटिमीटरवर अडकलं. जुन्या स्टार्चवर रिटॉर्टआधी रस्सा 11 च्या आसपास वाहायचा, असं जुन्या नोंदवहीत होतं. म्हणजे नव्या स्टार्चने पाउच भरताना रस्सा जास्त घट्ट होता. घट्ट रस्सा पाउचच्या मध्यापर्यंत उष्णता उशिरा पोचवतो. या रस्स्याचा सामू 5.2, 4.6 च्या वर असलेल्या बंद पाउचच्या पदार्थाला बॉट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू मरतील एवढी प्रक्रिया लागते आणि तिचा वेळ जुन्या रस्स्यावर ठरवलेला होता. पुढे रस्सा पातळ झाला म्हणून उष्णता नंतर जोरात शिरली असेलही, पण ‘असेलही’वर माल सोडत नाहीत. फोन करून स्टार्च बदलल्यापासूनच्या सगळ्या बॅचेस थांबवायला सांगितल्या. मालक म्हणाले, "अहो, पातळच तर झालाय, खराब कुठे झालाय?" वास, चव, फुगवटा काहीच नव्हतं हे खरं. तरीही माल थांबला, पाउचच्या मध्यभागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून उष्णता शिरण्याची चाचणी नव्याने करायचं ठरलं आणि त्या बॅचेसचा निर्णय तिच्या आकड्यांवर सोपवला.

दुपारी 1442 वर परत जायचं म्हणून हाताशी असलेला एक नमुना वापरला आणि उलट्या बाजूला घसरलो. तो भरपूर टाक्यांचा निघाला. असा स्टार्च 85-90 अंशांच्या केटलमध्ये नीट फुगतच नाही, रिटॉर्टमध्ये गेल्यावर फुगतो. उष्णता शिरायला ते सोयीचं असतं, पण भरण्याच्या हॉपरमध्ये (नरसाळ्यासारख्या टाकीत) रस्सा पातळ राहिला आणि खोबरं-मसाला तळाला बसला. हॉपर खालून उघडतो, तर पहिल्या पाउचांत चोथा आणि शेवटच्यांत नुसतं पाणी. यावर दोन उपाय असतात: मध्यम टाक्यांचा स्टार्च, किंवा हाच स्टार्च आणि भरण्यापुरता आधार. आम्ही दुसरा धरला. स्टार्च 3.2 वरून 2.8 टक्के केला आणि 0.15 टक्के ग्वार गम (गवारीच्या बियांचा डिंक) घातला. ग्वार थेट पाण्यात टाकला की माशाच्या डोळ्यांसारख्या गोळ्या होतात. तो फोडणीच्या थंड तेलात कालवून घातला की सुटा पसरतो. रिटॉर्टमध्ये ग्वारचा दाटपणा बराच उतरतो, तोवर स्टार्चने जागा घेतलेली असते. लॅबमधल्या बॅचला रिटॉर्टनंतर 10 सेंटिमीटर आले.

त्याच संध्याकाळी धुळ्याकडच्या एका छोट्या औषध युनिटच्या गोळ्या टेबलावर होत्या. 500 मिलिग्रॅमच्या, विनाकोटिंगच्या. विघटन चाचणीत 37 अंशांच्या पाण्यात, खालीवर होणाऱ्या जाळीच्या टोपलीत, अशा गोळीने 15 मिनिटांत मोडायला हवं. या 22 मिनिटं घेत होत्या. अर्ध्यातच एक गोळी बाहेर काढून ब्लेडने कापली: बाहेर जेलीचं गुळगुळीत कवच, आत पावडर खडखडीत कोरडी. सकाळच्या गुठळीचीच गोष्ट, फक्त इथे ती मशीनने दाबून बनवली होती.

यांच्या पोत्यावर लिहिलं होतं ‘प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च’, म्हणजे आधीच शिजवून वाळवलेला. त्याचेही दोन प्रकार. अंशतः प्रीजिलॅटिनाइज्डमध्ये सुमारे 80 टक्के स्टार्च मूळ अवस्थेतच असतो. तो पाण्यात फुगून गोळी फोडतो आणि उरलेला भाग बांधून ठेवतो. पूर्ण प्रीजिलॅटिनाइज्ड नुसता बांधतो, आणि 10 टक्क्यांसारख्या प्रमाणात पाणी लागताच गोळीभोवती जेलीचं कवच करतो. पोलराइज्ड प्रकाशात शाबूत दाण्यावर काळी फुली दिसते. या नमुन्यात दहा ठिकाणी बघून एकही फुली सापडली नाही.

त्यांनी आपणहून सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, म्हणजे पाण्यात फुगून गोळी फोडणारा घटक, 4 वरून 9 टक्के केलं होतं. त्याचा नेहमीचा पल्ला 2 ते 8 टक्के. त्याच्यावर गेलं की तेही जेल करून वाट अडवतं. ते 4 वर आणलं, निम्मं पावडरीचे दाणे (ग्रॅन्युल) करण्याआधी आणि निम्मं नंतर कोरडं मिसळलं, आणि अंशतः प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च घातला. हाताने दाबलेल्या वीस गोळ्यांतल्या सहा टोपलीत टाकल्या. शेवटची सव्वासहा मिनिटांनी मोडली. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात ते मॅग्नेशियम स्टिअरेट पाव टक्क्यावर ठेवलं आणि शेवटी दोनच मिनिटं फिरवलं, कारण या स्टार्चसोबत ते जास्त झालं की गोळी भुसभुशीत होते आणि औषधही उशिरा सुटतं.

रस्स्याची पुढची बॅच आठवड्यात लागू शकत होती. गोळीचं तसं नाही. घटकाचा प्रकार बदलला की बदलाची नोंद, तीन बॅचेस, आणि 40 अंश व 75 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने टिकाऊपणाची चाचणी. त्या चेंबरमध्ये त्यांचा पहिला ट्रे पुढच्या महिन्यात गेला. खरेदीच्या फॉर्मवर रस्सेवाल्यांनी आता ‘आयएनएस क्रमांक’ आणि ‘मक्याचा प्रकार’ असे दोन रकाने छापून घेतलेत. औषधवाल्यांनी एकच घेतला: ‘पूर्ण की अंशतः’.