ब्रेकआउट केबलचं जंगल आवरलं तेव्हा

महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आमचे रॅक आहेत, तिथे स्विचचे आठ ४० जीचे (सेकंदाला ४० गिगाबिटचे) पोर्ट फोडून प्रत्येकी चार १० जी द्यायचे होते, म्हणजे सर्व्हरसाठी ३२ लिंक. आधीच्या टीमने एका टोकाला एमपीओ (बारा फायबरचा एकच कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला चार एलसी (दोन फायबरच्या लिंकचा छोटा कनेक्टर) अशा ब्रेकआउट, म्हणजे एकाचे चार करणाऱ्या केबल स्विचपासून थेट सर्व्हरपर्यंत ओढल्या होत्या. अडचण अशी की चारही शेपट्या सारख्याच लांबीच्या, सर्व्हर मात्र एक वर एक खाली, त्यामुळे उरलेली फायबर रॅकमागे लोंबकळायची आणि एक सर्व्हर बाहेर काढायचा तर शेजारच्याची लिंक जायची. मला ते बघवायचं नाही.

मग ठरवलं, रॅकच्या मधोमध १ यूचा (रॅकच्या एका खणाच्या उंचीचा) पॅनल, त्यात कॅसेट, म्हणजे मागे एमपीओ आणि पुढे एलसी पोर्ट असलेले डबे, स्विचपासून तिथपर्यंत एमपीओ ट्रंक (दोन्ही टोकांना एमपीओ असलेली केबल) आणि तिथून सर्व्हरपर्यंत १, २, ३ मीटरच्या साध्या एलसी पॅचकॉर्ड. ट्रंक दोन्ही टोकांना फीमेल, म्हणजे बिनपिनांची घ्यायची, कारण पिना ट्रान्सिव्हरमध्ये (स्विचच्या पोर्टमध्ये बसणाऱ्या, लाइट पाठवणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलमध्ये) आणि कॅसेटमध्ये असतात.

रात्रीच्या विंडोत (कामासाठी ठरवून दिलेल्या वेळेत) पहिली ट्रंक जोडली तर एकही लिंक वर येईना. कनेक्टर परत क्लीन केले, पॅचकॉर्ड उलटवून बघितली, काही नाही. शेवटी फायबरमधला लाइट मोजणारा पॉवर मीटर लावला तर कॅसेटच्या सहापैकी दोन पोर्टवर दोन्ही फायबरमध्ये लाइट आणि बाकी चार पोर्टवर काहीच नाही! तेव्हा उलगडा झाला. एसआर४ मध्ये (आमच्या ४० जी ट्रान्सिव्हरचा प्रकार) बारा फायबरपैकी १ ते ४ वरून लाइट जातो, ९ ते १२ वरून येतो, मधल्या चार रिकाम्या, म्हणजे जोड्या १-१२, २-११, ३-१०, ४-९ अशा लागतात. नेहमीची कॅसेट १-२, ३-४ अशा जोड्या लावते, तिथे दोन्ही फायबर पाठवणाऱ्याच येतात. ऑर्डर देताना नुसतं 'एमपीओ ते एलसी कॅसेट' लिहू नका, ब्रेकआउटसाठी हवी हे सांगा आणि पिनआउट (कुठली फायबर कुठल्या पोर्टला जाते त्याचा तक्ता) मागून बघा, माझा आठवडा यातच गेला.

नवीन कॅसेट आल्यावर सगळं पटापट झालं. झिप टाय एकही नाही, फक्त वेल्क्रो, तोही बोट आत जाईल इतका सैल. लेबल दोन्ही टोकांना, स्विच पोर्ट आणि लेन (पोर्टच्या चार १० जीपैकी कितवी) नंबरसकट, कारण पोर्ट ५ ची तिसरी लेन कुठल्या सर्व्हरला जाते हे नुसत्या पोर्ट नंबरवरून कळत नाही. परवा एक सर्व्हर बदलला, एकच पॅचकॉर्ड काढली आणि बाकीच्या ३१ लिंक जागच्या जागी होत्या.