रात्री दहानंतरचं ताट

माझं वजन 81 किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. आता 68 आहे. पहिले तीन किलो दीड महिन्यात गेले, नंतरचे दहा जायला वर्ष लागलं. मधले चार महिने काटा 78 वर बसला तो हललाच नाही. त्या चार महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही जळगावचे. एकत्र घर, सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि तीन मुलं, असे नऊजण. दुकान आहे, ते रात्री नऊला बंद होतं. खानदेशात तेल किती चालतं हे इकडच्यांना सांगायला नको. भरितावर तेल, खिचडीवर कच्चं तेल, ठेच्यात तेल, आणि शेवभाजीवर बोटभर तर्री नसेल तर ती शेवभाजीच नाही. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर 6.2 आली. 6.5 पासून मधुमेह धरतात. डॉक्टरांनी टेपने पोट मोजलं तर 101 सेंटीमीटर, आणि आपल्याकडच्या बायकांसाठी 80 च्या आत हवं. माझी आई मधुमेहाने गेली. त्या दिवशी घरी येताना मी रिक्षात रडले.

आहारतज्ज्ञ बाईंनी यादी दिली. त्यात ओट्स होतं, ऑलिव्ह तेल होतं, सॅलड होतं. नऊ माणसांच्या घरात एका बाईसाठी वेगळी कढई चढत नाही. आठ दिवस करून पाहिलं, मग यादी बाजूला ठेवली. त्याऐवजी घरात जे शिजतं त्यातूनच माझं ताट काढायचं ठरवलं, आणि तो निर्णय बरोबर होता. शेवभाजीचा रस्सा तर्री बाजूला सारून खालून घ्यायचा, शेव मूठभरच. भरिताची वांगी लाकडी बडजीत मिरच्यांबरोबर ठेचली की फोडणी पडायच्या आधी माझी वाटी काढून घ्यायची. वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. पुरीऐवजी कळण्याची भाकरी. तिच्यात ज्वारीबरोबर उडीद असतात, त्यामुळे एका भाकरीत पोट भरतं आणि लवकर भूक लागत नाही. सकाळी पावणेसहाला मेहरूण तलावावर चालायला जायचे. यात कुणाची काही हरकत नव्हती, म्हणून हे सगळं सोपं गेलं.

मग काटा अडकला. चालणं वाढवलं, संध्याकाळची साखर सोडली, तरी 78. घरात बोलणं सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, "तुझा बांधाच तसा आहे, कशाला जिवाला त्रास देतेस." दिराने तर केळीच्या वेफर्सचं पाकीट पुढे केलं. मला रात्रीची झोप लागेना. आहारतज्ज्ञ बाईंनी वहीत सगळं लिहायला सांगितलं, तर माझी वही अगदी स्वच्छ दिसायची. सकाळी भाकरी आणि पालेभाजी, दुपारी वरण, काकडी, ताक, रात्री एक भाकरी आणि भाजी. त्यांनाही कळेना.

एक दिवस त्यांनी विचारलं, "रात्री जेवता किती वाजता? आणि ताट कधी उचलता?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वहीत फक्त माझं ताट लिहीत होते.

आमच्याकडे पुरुष साडेनऊला येतात. ते बसले की गरम पोळ्या तव्यावरून थेट ताटात. मी आणि जाऊ वाढायला. आम्ही दोघी बसतो सव्वादहाला, संध्याकाळच्या चहानंतर पोटात काही नसताना. आणि जेवून उठताना कढईच्या तळाशी भाजी असते, पातेल्यात दोन घास भात असतो, मुलाच्या ताटात अर्धी पोळी असते. "एवढंसं काय ठेवायचं, संपवून टाका ना," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून सतरा वर्षं ऐकत आले. अन्न टाकायचं नाही, हे मलाही पटतं. पण ते न टाकण्याची जबाबदारी फक्त घरातल्या सुनांच्या पोटावर होती. आठवडाभर तेही लिहिलं. रोज साडेचारशे कॅलरींच्या आसपास भरलं, म्हणजे माझ्या चालण्याच्या दुपटीहून जास्त.

मी घरात सांगितलं की मी साडेसातला मुलांबरोबर जेवणार. सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "घरातले माणसं उपाशी अन् तू जेवून बसशील?" यांना म्हटलं, तुम्ही आईंशी बोला. हे म्हणाले, "आईला तूच समजव, मला मध्ये घेऊ नको." या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं वजनावरून कुणी बोललेलं लागलं नाही. माझा रिपोर्ट यांनीच आणला होता. 6.2 यांनीच वाचला होता.

पंधरा दिवस घरात अबोला होता. मी साडेसातला स्वयंपाकघरातच खाली बसून जेवायचे, चोरी केल्यासारखी. साडेनऊला पुन्हा वाढायला उभी राहायचे. उरलेल्याला हात लावायचा नाही एवढा निश्चय होता, पण दोन-तीन वेळा मोडला, कारण कढई घासायला टाकताना त्यातली भाजी बघवत नाही.

शेवटी तोडगा सासूबाईंच्या गोळ्यांतून निघाला. त्यांना दहा वर्षं साखर आहे, आणि आठच्या आत जेवा असं त्यांनाही सांगितलेलं होतं. मुलगे दुकानातून घरी येईपर्यंत त्या थांबायच्या, आणि कधी कधी नऊच्या सुमाराला त्यांना घाम सुटून थरथरायला व्हायचं. एका संध्याकाळी तसं झालं तेव्हा मी त्यांना गूळपाणी दिलं, बरं वाटल्यावर दोन ताटं घेतली आणि म्हटलं, "आई, उद्यापासून साडेसातला आपण दोघी बसू. तुम्ही एकट्या जेवत नाही, मीही नाही." त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यांनीच पाट मांडला. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत माझे दोन किलो गेले.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते खरं आधीच करायला हवं होतं. तेलाचा डबा कधी फोडला ती तारीख त्याच्यावर लिहून ठेवा. आमचा 15 किलोचा डबा महिन्यात संपत होता. नऊ माणसांत तो माणशी रोज 55 ग्रॅम पडतो, आणि ग्रॅमला 9 कॅलरी. सासऱ्यांना हा हिशोब कागदावर दाखवला. आयुष्यभर दुकानाच्या वह्या लिहिलेला माणूस, त्यांना तो लगेच पटला. आता डबा दीड महिना जातो आणि चवीबद्दल कुणी तक्रार केलेली नाही.

उरण्याचा प्रश्न सुटायला भाताचं माप एका वाटीने कमी करावं लागलं. तरीही उरलं तर डब्यात घालून फ्रिजमध्ये, सकाळी त्याचा फोडणीचा भात, आणि तो सगळ्यांनी मिळून खायचा. मुलांना आधी अर्धीच पोळी वाढायची, हवी तर पुन्हा. चतुर्थीला साबुदाण्याऐवजी भगर, तीही एकच वाटी. वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी, उपाशीपोटी. मी रोज करायचे आणि त्या चार महिन्यांत त्यानेच जास्त खचले.

गेल्या महिन्यात साखर 5.6 आली. रिपोर्ट मी स्वतः आणायला गेले आणि तिथेच उभी राहून तीनदा वाचला. पुरुष आता डब्यातल्या पोळ्या स्वतः घेतात, हे व्हायला पाच महिने लागले.

जावेचं मात्र अजून जमलेलं नाही. ती नोकरीवरून साडेआठला येते, मग मुलाचा अभ्यास घेते आणि दहालाच बसते. तिचंही वजन वाढतंय. स्वयंपाक झाला की मी आधी तिची भाजी वाटीत काढते, दोन पोळ्या फडक्यात गुंडाळते आणि वर ताटली झाकून ठेवते, म्हणजे तिला रात्री कढई पुसून खायची वेळ येत नाही.