प्रश्न हातात घेऊन वाचा

रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांनो, हापूसवरचं पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचू नका. आधी दहा मिनिटं अनुक्रमणिका, तक्ते आणि प्रकरणांचे शेवटचे परिच्छेद चाळा. मग वहीत तीनच प्रश्न लिहा, पण नेमके. ‘तुडतुडे मोहोरावरच का वाढतात?’ चालेल. ‘कीड म्हणजे काय?’ नको, अशा मोघम प्रश्नाने नजर कशावरच थांबत नाही.

पेन्सिलचं टोक ओळीखालून सरकवत वाचा, मागे वळू नका. उत्तर जवळ आलं की मात्र वेग सोडा. औषधाचं प्रमाण, दोन फवारण्यांमधलं अंतर दोनदा वाचायचं. (वेग फार वाढला की आकलन घटतंच, मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर विसंबू नका.)

प्रकरण संपताच पुस्तक मिटून उत्तर आपल्या शब्दांत लिहा. अडलं, तर तेवढंच पान पुन्हा उघडा.